सोलापूरचे ताट आणि फ्रान्सची सेंद्रिय तांबडी वाईन : निवडीच्या निकषांचा ऐतिहासिक विचार

कोणत्या भोजनाबरोबर कोणते द्राक्षमद्य घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्राचा किंवा वैयक्तिक अभिरुचीचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही त्यात आहे, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु अभिरुचीचे नियमदेखील कोठे तरी, केव्हा तरी आणि काही कारणांनी निर्माण झालेले असतात. ते नियम एका देशातून दुसऱ्या देशात जातात तेव्हा त्यांची कारणे बहुधा मागेच राहतात आणि केवळ नियम तेवढा पुढे येतो. या घटनेचा एक चांगला दाखला सोलापूर जिल्ह्यातच उपलब्ध आहे. माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या परिसरात फ्रान्समधून आणलेल्या रोपांची लागवड होऊन २००७ च्या सुमारास ‘फ्रातेल्ली’ हा वाईनचा उद्योग उभा राहिला. इटलीतील सेक्की, दिल्लीतील सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घराण्यांची ही भागीदारी होय. काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, सिरा ही नावे त्यामुळे नीरेच्या कालव्याखालील शेतकऱ्याच्या परिचयाची झाली.

वेली आल्या, त्यांच्या पाठोपाठ वाईनविषयीचे नियमही आले. मांसाबरोबर तांबडी वाईन, माशाबरोबर पांढरी. तांबडी वाईन खोलीच्या उष्णतामानाला प्यावी. फ्रेंच वाईन श्रेष्ठ, आणि तीतही ‘सेंद्रिय’ अशी खूण असलेली अधिक श्रेष्ठ. हे नियम शहरांतील उपाहारगृहांत आणि मासिकांच्या पानांवर आता सर्रास आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या उगमाचा मागोवा घेऊन एक गोष्ट दाखवावयाची आहे. ‘फ्रेंच’ हा शब्द वाईनचे स्थळ सांगतो आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द शेतीची रीत सांगतो. सोलापूरच्या ताटाबरोबर काय जुळेल, हे या दोहोंपैकी एकही शब्द सांगू शकत नाही. तो निर्णय ताटाकडून सुरुवात करूनच घ्यावा लागतो.

१. मद्याला देशाचे नाव

मद्याची ओळख त्याच्या उत्पत्तिस्थानावरून करण्याची कल्पना फ्रेंचांची म्हणून प्रसिद्ध आहे. ती आपल्याकडेही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे जे प्रकरण आहे, त्यात मद्याचे निरनिराळे प्रकार घटकांनिशी दिले आहेत. द्राक्षाच्या रसापासून केलेल्या ‘मधु’ या प्रकाराविषयी मात्र ग्रंथकार घटकांचे प्रमाण न देता एवढेच सांगतो, की ज्या देशात ते होते त्या देशाच्या नावानेच ते ओळखावे. कापिशायन आणि हारहूरक ही त्याने दिलेली दोन्ही नावे वायव्येकडील प्रदेशांची आहेत. धान्याची सुरा कोठेही गाळता येते. द्राक्षाचे मद्य भूमीशी बांधलेले असते, हा भेद त्या काळीही जाणवला होता, हे यावरून स्पष्ट होते.

फ्रान्समध्ये या जाणिवेला कायद्याचे रूप १९३५ साली मिळाले. विशिष्ट गावाचे किंवा प्रदेशाचे नाव लावण्याचा हक्क तेथील सीमा, वेलीची जात, उत्पन्नाचे प्रमाण आणि मद्य करण्याची रीत यांच्याशी त्या वर्षीच्या नियमांनी जोडला. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या गावात ही वाईन होत असे, त्याच गावात तिच्याबरोबर खाल्ले जाणारे पदार्थही पिढ्यानपिढ्या शिजत होते. बर्गंडीत गोमांस तांबड्या वाईनमध्येच शिजवीत. बोर्दोजवळच्या पोइयाक गावाचे कोकराचे मांस आणि त्याच गावाची वाईन ही दोन्ही सारखीच प्रसिद्ध होती. वाईन आणि अन्न यांच्या जुळणीचे म्हणून जे नियम पुढे पुस्तकांत आले, त्यांतील पुष्कळसे या सहवासाची टिपणे होत. ते सिद्धान्त म्हणून लिहिले गेले असले तरी त्यांचे मूळ शेजारधर्मात आहे.

दख्खनमध्ये द्राक्षवेलीचा इतिहास निराळ्या मार्गाने गेला. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हा तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद केले. या नोंदीचा अर्थ आजच्या बागाइतदाराला चटकन कळेल. सोलापूर सतराव्या-अठराव्या अक्षांशाच्या पट्ट्यात आहे, बोर्दो पंचेचाळिसाव्या अक्षांशाजवळ आहे. तिकडे हिवाळ्यात वेल निद्रिस्त होते आणि वर्षात एकच छाटणी पुरते. इकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून मनुष्याला तिचे वर्ष घडवावे लागते, आणि फ्रेंच वेलीचे फळ तिकडे सप्टेंबरात उतरते ते येथे उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरते.

दख्खनची ही द्राक्षे खाण्यासाठी होती. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या जुन्या जाती आणि पुढे आलेली बिनबियांची थॉमसन सीडलेस या सर्व ताज्या फळाच्या जाती होत. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या जाती पुढे आणल्या, तेव्हा त्यांचेही लक्ष लांबट मणी, पातळ साल आणि बाजारातील मागणी यांवर होते. तांबड्या वाईनला नेमके उलटे गुण लागतात. मणी लहान, साल जाड आणि बी असलेले हवे, कारण रंग सालीत असतो आणि तुरटपणा देणारे टॅनिन साल व बी यांत असते. सारांश, द्राक्षाचा जिल्हा म्हणून सोलापूरची कीर्ती जुनी असली, तरी वाईनची वेल येथे नवागत आहे, आणि तिच्याबरोबर वाढलेले असे अन्न येथे नाही.

२. सोलापूर आणि मद्याचा प्रश्न

सोलापुरात मद्याविषयी लिहिताना आणखी एका इतिहासाची दखल घेणे अवश्य आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात मद्यनिषेध हा येथील चळवळीचा एक प्रमुख भाग होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात रूपाभवानीच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यासाठी लोक गेले, त्यातून संघर्ष पेटला, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि पुढे शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ज्या नगराच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणीत शिंदीच्या झाडावरील कुऱ्हाड आहे, तेथे मद्याची निवड हा निव्वळ रुचीचा विषय म्हणून हाताळणे उथळपणाचे ठरेल.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. ती पुढे शिथिल होत गेली, तरी तो कायदा रद्द झाला नाही. परवान्याची कल्पना महाराष्ट्राच्या कायद्यात अद्यापि आहे. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन करून ती परदेशी पाठविली, हा महाराष्ट्रातील आधुनिक वाईनचा पहिला मोठा प्रयोग होय. त्यानंतर २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची योजना आखली. शेतकऱ्याच्या फळाला दुसरी बाजारपेठ मिळावी, हा त्यामागचा युक्तिवाद होता. याच युक्तिवादाच्या आधारे २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्याला राज्यभर तीव्र विरोध झाला. एका बाजूस शेतमालाचा भाव आणि दुसऱ्या बाजूस घराघरातील व्यसनाची भीती, असा हा जुनाच वाद आहे, आणि त्यातील दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

या वादात ‘सेंद्रिय’ हा शब्द हळूच एक काम करून जातो. तो मद्याला एक प्रकारची शुचिता देतो. म्हणूनच त्या शब्दाचा इतिहास काळजीपूर्वक पाहिला पाहिजे.

३. अमेरिकेहून आलेली संकटे

फ्रेंच द्राक्षमळा एके काळी ‘निसर्गतःच’ सेंद्रिय होता आणि विसाव्या शतकातील रसायनांनी तो बिघडविला, अशी समजूत आढळते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतून एकामागून एक तीन संकटे फ्रान्सच्या मळ्यांवर कोसळली. प्रथम भुरी आली. तिने १८५० नंतरच्या काही वर्षांत उत्पन्न इतके घटविले, की गंधकाची भुकटी धुरळणे हा शेतकऱ्याचा नित्याचा क्रम होऊन बसला. नंतर १८६० च्या दशकात मुळांवरील फिलॉक्सेरा कीड दक्षिण फ्रान्समध्ये दिसू लागली. मोंपेलिये येथील प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली तिचा शोध लावला. शेवटी १८७८ च्या सुमारास केवडा आला.

फिलॉक्सेरावर रामबाण उपाय सापडला नाही. तोडगा निघाला तो असा, की अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधावयाचे. केवड्यावरील उपाय बोर्दोच्या परिसरात सापडला. रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील मळेवाले मोरचूद व चुना यांचे मिश्रण पानांवर शिंपडीत. ती पाने केवड्यापासून वाचली आहेत, हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ साली लक्षात आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. आपल्या बागांत जे ‘बोर्डो मिश्रण’ आजही फवारले जाते ते हेच.

सोलापूरच्या बागाइतदाराला ही हकीगत परकी वाटण्याचे कारण नाही. भुरी आणि केवडा हे त्याचेही शत्रू आहेत. आणि पाण्याची टंचाई व क्षारयुक्त जमीन यांमुळे गेल्या शतकाच्या अखेरीपासून तो ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर कलम बांधू लागला, तो खुंटही मूळचा अमेरिकेतील टेक्सासचा आहे. एकाच खंडातून आलेली रोगराई आणि त्याच खंडातून आलेला आधार, हे दोन्ही प्रदेशांचे समान प्राक्तन होय.

४. ‘सेंद्रिय’ या शब्दाचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये तणनाशके, नवी कीटकनाशके आणि रासायनिक खते यांचा वापर झपाट्याने वाढला. त्याविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिला तीन निरनिराळ्या ठिकाणांहून विचार मिळाला. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टाइनर यांनी १९२४ साली दिलेली कृषिविषयक व्याख्याने हा पहिला उगम. त्यातून चंद्र-ग्रहांच्या गतीशी कामाची वेळ जोडणारी ‘बायोडायनॅमिक’ पद्धती निघाली. मध्य युरोपातील मातीच्या जीवशास्त्राचा अभ्यास हा दुसरा. तिसरा उगम मात्र आपल्या अगदी जवळचा आहे.

१९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंदूर येथील वनस्पतिउद्योग संस्थेचे प्रमुख होते. होळकर दरबाराने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर ही संस्था चालत असे. शेतातील काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर देऊन, हवा व ओल यांचे प्रमाण सांभाळून उत्तम कुजखत कसे करावे, याची पद्धत तेथे निश्चित झाली. या कामाचे जे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड यांचेही नाव आहे. ‘इंदूर पद्धती’ या नावाने ती जगभर गेली. हिंदुस्थानातील शेतकरी आणि चिनी शेतकऱ्यांची जुनी रीत यांच्यापासून आपण शिकलो, हे हॉवर्ड यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यांच्या विचारातून इंग्लंडमध्ये १९४६ साली ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली, आणि हा प्रवाह पुढे फ्रान्समधील चळवळीला जाऊन मिळाला. तेथे ‘नात्यूर ए प्रोग्रे’ ही संस्था १९६४ मध्ये निघाली. जे विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते, तेथील अभ्यासकाने फ्रेंच बाटलीवरील सेंद्रिय खुणेच्या वंशावळीत होळकरांच्या इंदूरचे हे स्थान विसरू नये.

चळवळीचे रूपांतर कायद्यात होण्यास वेळ लागला. फ्रान्स सरकारची सेंद्रिय खूण १९८५ मध्ये आली. १९९१ साली युरोपीय नियम झाला, पण तो द्राक्षापुरताच होता. म्हणजे बाटलीवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाईन’ असे लिहिता येई, ‘सेंद्रिय वाईन’ असे लिहिता येत नसे. तळघरात काय चालते याविषयी नियम मूक होता. ती उणीव २०१२ च्या हंगामापासून भरून निघाली. गोडवा न उरलेल्या तांबड्या वाईनमध्ये एका लिटरला साधारणतः १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. सेंद्रिय म्हणविणाऱ्या वाईनला ती मर्यादा १०० मिलिग्रॅम ठरली. २०२० नंतर फ्रान्समधील द्राक्षक्षेत्राचा सुमारे पाचवा हिस्सा सेंद्रिय अथवा त्या वाटेवरचा झाला आहे.

या नियमांतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की सेंद्रिय म्हणजे फवारणीविरहित नव्हे. बोर्डो मिश्रणातील तांबे सेंद्रिय मळ्यालाही मुभा म्हणून मिळते. ते जमिनीत साचते आणि गांडुळांना अपायकारक ठरते. म्हणून २०१९ पासून युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो अशी त्याची मर्यादा घातली गेली. १८८५ चा उपाय हा अशा रीतीने सेंद्रिय शेतीचा आधारही आहे आणि तिची अडचणही आहे. दुसरी गोष्ट अशी, की ही खूण पिणाऱ्याच्या प्रकृतीविषयी काही आश्वासन देत नाही. मद्यार्क सेंद्रिय द्राक्षातून आला म्हणून त्याचे गुणधर्म बदलत नाहीत. या खुणेचा खरा लाभधारक मळ्यात राबणारा मनुष्य आणि त्याच्या पायाखालची माती आहे. आपल्याकडेही हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१० साली युरोपात पाठविलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडून निर्यातीला जबर फटका बसला, तेव्हा औषधाचा हिशेब कोणाच्या घरी येऊन थांबतो, हे महाराष्ट्रातील बागाइतदाराने अनुभवले.

तात्पर्य, सेंद्रिय वाईन निवडण्यास सबळ कारण आहे. पण ते कारण नैतिक आणि कृषिविषयक आहे. चवीचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

५. ताटाची बाजू

सोलापूरचे ताट हे कालातीत आहे असे मानण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे अनेक प्रकार आहेत. परंतु ज्या दोन वस्तूंवाचून आजचे सोलापुरी जेवण ओळखूच येणार नाही, ती मिरची आणि तो शेंगदाणा त्यात नाहीत, असणे शक्यही नाही. दोन्ही वस्तू अमेरिकेच्या आहेत आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या आहेत. सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिऱ्यांचा होता. फ्रान्सचा मळा आणि सोलापूरचे स्वयंपाकघर ही दोन्ही अमेरिकेने बदलली. फरक इतकाच, की फ्रान्सला रोग मिळाले आणि आपल्याला चव मिळाली.

या ताटाचे घटक पाहिले तर प्रथम येते ती ज्वारीची भाकरी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी आणि मंगळवेढ्याची ज्वारी ही या जिल्ह्याची ओळख आहे. कडक भाकरी ही फिकी, कोरडी आणि पिष्टमय असते. दोन घासांमध्ये जीभ कोरी करण्याचे जे काम फ्रेंच जेवणात पाव करतो, ते येथे तिच्याकडे आहे. नंतर शेंगदाण्याची चटणी, लसूण, तिखट व मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली. मग कूट घातलेले भरले वांगे, काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, सुके मटण, आणि शेवटी शेंगापोळी.

आता वाईनचे गुण यांच्यासमोर ठेवून पाहावे. तांबड्या वाईनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधते, त्यामुळे तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. अन्नात प्रथिने, स्निग्धता आणि मीठ असेल तर हा तुरटपणा सौम्य होतो. चरबीयुक्त मांस आणि बोर्दोची वाईन यांची जुनी मैत्री या कारणाने आहे. एवढ्यावरून पाहिले तर मटणाच्या रश्शाबरोबर काबर्ने सोव्हिन्यों जुळावयास हवी. मध्ये येते ती मिरची. मिरचीतील दाहक द्रव्य तोंडातील ज्या ग्राहींना चेतविते, त्यांनाच मद्यार्कही अधिक संवेदनशील करतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणून मद्यार्क जितका जास्त, तितका दाह जास्त; आणि दाहाने तापलेल्या जिभेला टॅनिन कडू लागते. पोइयाकच्या कोकराला लागू पडलेला नियम सोलापूरच्या बोकडाला लागू पडत नाही, याचे कारण हे आहे.

या दृष्टीने फ्रेंच सेंद्रिय तांबड्या वाईनची निवड करावयाची झाल्यास क्रम असा लागेल. प्रथम बोझोले प्रदेशातील गामे जातीची वाईन. संबंध घोस न फोडता आंबविण्याच्या तेथील रीतीमुळे तीत टॅनिन कमी, आंबटपणा ताजा आणि मद्यार्क बेताचा असतो. झ्यूल शोव्हे यांच्या मार्गदर्शनाखाली मोर्गोंचे मार्सेल लापियेर यांनी १९८० च्या दशकात रसायने व अनावश्यक गंधक यांवाचून वाईन करण्याची जी वाट पाडली, ती याच प्रदेशातील. चिंच-गुळाचे वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी यांच्यासमोर ही वाईन टिकते, कारण आंबटाला आंबट धरून राहते आणि चटणीतील तेल व मीठ तिचा उरलासुरला तुरटपणा काढून घेतात.

सुक्या मटणासाठी रोन नदीच्या उत्तर खोऱ्यातील, क्रोझ-एर्मिताजसारख्या भागातील सिरा घ्यावी. या जातीच्या वाईनला मिऱ्यांचा वास येतो, आणि तो केवळ भास नव्हे. मिऱ्यांतील सुगंधी द्रव्य रोटंडोन हेच सिराच्या सालीतही असते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. काळ्या मसाल्यात मिरे आणि भाजलेले खोबरे असते. तेव्हा तिखट हात आखडून, मिऱ्यांवर भर देऊन केलेले मटण आणि ही वाईन यांचे नाते सोमेश्वराच्या काळातील ताटाशी जुळणारे आहे, असे म्हणता येईल. लुआर खोऱ्यातील शिनों येथील काबर्ने फ्रां हीदेखील मध्यम टॅनिनची असल्याने येथे चालू शकेल.

उलट, ज्या नावांचा दबदबा मोठा आहे ती येथे मागे पडतात. शातोनफ-द्यु-पाप येथील बोकास्तेल या मळ्याने १९५० च्या सुमारासच रसायने सोडली, आणि बोर्दोतील पोंते-काने हा प्रतिष्ठित मळा २०१० साली सेंद्रिय प्रमाणित झाला. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात दोहोंचे स्थान मानाचे आहे. परंतु पहिल्यातील ग्रनाशचा चढा मद्यार्क आणि दुसऱ्यातील काबर्नेचे भरघोस टॅनिन ही दोन्ही लाल तिखटाच्या रश्शापुढे वाया जातात. शेंगापोळीबरोबर तर कोणतीही कोरडी तांबडी वाईन देऊ नये. गोडापुढे ती आंबट आणि कडवट लागते. त्या वेळी ताटातले तूप पुरेसे आहे.

उष्णतामानाचा नियमही याच न्यायाने तपासावा. तांबडी वाईन खोलीच्या उष्णतामानाला प्यावी, असे फ्रेंचांनी म्हटले ते दगडी भिंतींच्या, सोळा-अठरा अंशांच्या खोलीत बसून. एप्रिल-मे महिन्यांत जेथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या सोलापुरात हा नियम अक्षरशः पाळला तर मद्यार्काची वाफ तेवढी नाकात जाईल. गामे बारा-तेरा अंशांपर्यंत आणि सिरा सोळा अंशांपर्यंत गार करून घेणे, हेच येथे मूळ नियमाच्या हेतूला धरून होईल.

६. समारोप

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष वाईनपुरता मर्यादित नाही. बाहेरून आलेला नियम स्वीकारताना अथवा टाकताना त्याच्या उगमाच्या परिस्थितीत आणि आपल्या परिस्थितीत काय साम्य व काय भेद आहे, हे पाहणे हे इतिहासाचे काम आहे. कौटिल्याने द्राक्षमद्याला त्याच्या देशाच्या नावाने ओळखावयास सांगितले. फ्रेंचांनी १९३५ साली तेच कायद्याने केले. अकलूजच्या वाईनला असे स्वतःचे नाव अर्थपूर्ण रीतीने मिळावयाचे असेल, तर भीमा-नीरेच्या काठी पिकलेली काबर्ने बोर्दोसारखी लागते की नाही, ही चौकशी पुरेशी नाही. ती ज्वारीच्या भाकरीबरोबर कशी लागते, तिच्या बागेत फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर काय पडते, आणि तिच्या मुळाशी असलेल्या काळ्या मातीत दहा वर्षांनी किती तांबे साचते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या नावाबरोबर द्यावी लागतील. पैकी पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरात, दुसऱ्याचे बागेत आणि तिसऱ्याचे प्रयोगशाळेत मिळेल.

ज्याला मद्य वर्ज्य आहे, त्याच्यापुढे हा निवडीचा प्रश्न उद्भवतच नाही, आणि १९३० च्या सोलापुराचा वारसा सांगणाऱ्या समाजात त्या वर्ज्यतेचा मान राखलाच पाहिजे. परंतु द्राक्षाची बाग ही पिणाऱ्याइतकीच न पिणाऱ्याचीही आहे. तिच्यातले पाणी, तिच्यावरचे औषध आणि तिच्यावर पोसली जाणारी कुटुंबे याच जिल्ह्याची आहेत. माळशिरस, पंढरपूर आणि उत्तर सोलापूर या तालुक्यांतील द्राक्षबागांच्या जुन्या नोंदी, सहकारी संस्थांची दप्तरे आणि वृद्ध बागाइतदारांच्या आठवणी यांचे संकलन अद्याप विद्यार्थ्यांच्या हाती सहज येण्यासारखे आहे. ते काम या पिढीतच व्हावयास हवे.